वरच्या काकूंचं पाणी

वैशाली नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू कोणाकडेही पाणी पीत नाहीत. "मतलब, रागावू नकोस हं, घरचं उकळलेलं आणलंय," म्हणत पिशवीतून बाटली काढतात. मग मी प्युरिफायरचा निळा दिवा दाखवून त्यांना व्याख्यान द्यायचो.

परवा सोलापूरहून आलेल्या माझ्या आईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. काकूंनी क्षणभर पेल्याकडे पाहिलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. निघताना दारात मला हळूच विचारलं, "आतला फिल्टर कधी बदललास रे?"

तो बदलायचा असतो, हे माझ्यासारख्या इंजिनियरला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं.

"मशीन असताना हे कशाला?" आईने विचारलं.

"काकू पुन्हा येतील," मी म्हणालो, "आणि तुला त्या नाही म्हणणार नाहीत."