गोदामातल्या दोन पिल्लांचे फोटो

चिखलीतल्या एका धान्याच्या गोदामात मी मांजरीची दोन पिल्ले नेऊन दिली. त्यानंतर चार महिने मी त्यांची खुशाली एका बाईंना कळवत होतो. त्या चार महिन्यांत मी गोदामात एकदाही गेलो नव्हतो आणि तिथे फोनही केला नव्हता.

मी बुलढाण्यात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करतो. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या आणि पानावर लावायच्या, हे माझे काम. त्या बाई कार्यालयामागच्या गल्लीत राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणतो. लोक त्यांच्या फाटकाशी मांजरीची पिल्ले टाकून जातात. बुटांच्या खोक्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, एकदा कुकरच्या खोक्यात, त्याच्या वॉरंटीच्या कागदासकट. सिस्टर पिल्ले आत घेत, चिकटलेले डोळे कोमट पाण्याने पुसत, ड्रॉपरने दूध पाजत. दीड-दोन महिन्यांची झाली की त्यांना घर शोधायचे. ते काम माझ्याकडे आले, कारण तेराही तालुक्यांतले फोन नंबर माझ्याजवळ होते.

माझी पद्धत सोपी होती. कोणाला मांजर पाहिजे का, हे मी स्वतः किंवा आमच्या बातमीदारामार्फत ओळखीत विचारायचो. कोणी हो म्हटले की पिल्लू पोचवायचे आणि सिस्टरांना सांगायचे, घर मिळाले. दुसऱ्यांदा मी कुठेही गेलो नाही. तरी शहरात माझे नाव झाले. एका कार्यक्रमात प्राणिमित्र म्हणून शाल आणि नारळ मिळाला. माझा सत्कार स्वीकारतानाचा फोटो आमच्याच पेपरात आला. पान मीच लावले होते.

सिस्टरांची स्वतःची एकच मांजर होती. म्हातारी, एका कानाचा तुकडा गेलेली. ऑपरेशन झालेले असल्याने तिला पिल्ले होत नसत, पण बाहेरून आलेली पिल्ले ती चाटायची आणि पोटाशी घेऊन झोपायची. गोदामात गेलेल्या दोघी तिनेच वाढवल्या. एक करडी, दुसरी पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली.

दसऱ्याच्या सुमारास मी चिखलीच्या एका व्यापाऱ्याला विचारले. ते म्हणाले, "आणा ना साहेब. दोन काय, चार आणा." दुसऱ्या दिवशी मी खोके घेऊन बसने गेलो. गोदामात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या होत्या. पिल्लांना एका थप्पीवर ठेवून मी अकरा फोटो काढले. शेठने चहा मागवला. एकंदर वीस मिनिटे मी तिथे होतो.

त्या संध्याकाळी सिस्टरांना एक फोटो पाठवला. पंधरा दिवसांनी त्यांचा मेसेज आला, कशा हायेत दोघी? मी पानाच्या घाईत होतो. अकरांपैकी दुसरा एक फोटो पाठवून दिला. त्यांनी विचारले, आजचा हाये काय? मी लिहिले, हो.

पेपरात जुना फोटो वापरला तर त्याखाली 'संग्रहित' असे छापावे लागते. ते राहिले की मी बातमीदाराला झापतो. वाचकाची फसवणूक आहे, असे सांगतो.

दिवाळीनंतर तिसरा फोटो गेला, पुढे दोन महिन्यांनी चौथा. चौथ्यात पोती दिसू नयेत म्हणून मी तो कापून फक्त चेहरे ठेवले. दोन दिवसांनी सिस्टर कार्यालयात आल्या. हातात फोन होता.

"भाऊ, ह्या वाढून काऊन नाही राह्यल्या?"

"फोटोत तसं दिसतं, सिस्टर."

"फोटोत कोणी लहान होते काय? तीन महिने होऊन राह्यले. मले वाटते पोटात जंत झाले. गोदामातले उंदीर खात असतीन ना."

त्या आधीच जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी औषधाची लहान बाटली काढली. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून किती थेंब द्यायचे ते लिहिले होते.

"वेगवेगळं धरून द्या म्हणा. नाहीतर ठिपक्याची लबाड हाये, दोघींचं एकटीच पिऊन घेईन."

मी बाटली घेतली आणि उद्याच पाठवतो म्हणालो. ती टेबलाच्या खणात ठेवली. आठवड्याने त्यांनी विचारले तेव्हा सांगितले, दिली. दोघींना वेगवेगळी दिली.

माघ संपता संपता सिस्टरांचे पुण्याला जायचे ठरले. मुलीचे बाळंतपण होते आणि त्यानंतर बाळाला सांभाळायला त्या तिथेच राहणार होत्या. मुलीच्या घरमालकाला जनावर चालत नव्हते. म्हाताऱ्या मांजरीचे काय करायचे, हा एकच प्रश्न उरला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता.

"तिले चिखलीले पोचवा. तिथं तिच्या दोघी हायेत. ओळखतीन तिले. माह्यावाचून करमलं नाही तरी त्यांच्यात करमन."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव होते. मी म्हणालो, आधी शेठना विचारून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिखलीला गेलो. शेठ नव्हते. मापारी, म्हणजे पोती तोलणारा माणूस, काट्यापाशी बसला होता. मला पाहून हसला.

"या साहेब. बातमी आणली का मांजर?"

"मागच्या दोघी कुठे आहेत?"

त्याने आत पोती रचणाऱ्या हमालाला हाक मारली. "अबे, ते मांजरीचे पिल्लं कवा मेले होते बे?"

"दिवाळीच्या आंधी," आतून उत्तर आले. "एक आज मेलं, एक उद्या."

औषध खाल्लेला उंदीर खाल्ला असावा, असे मापाऱ्याने सांगितले. नवे सोयाबीन आले की उंदरांचे औषध टाकतातच. मी विचारले, औषध टाकता तर मग मांजरी कशाला मागितल्या?

"आमी कुठं मागतल्या? तुमीच इचारलं, पाह्यजे काय म्हणून. आता पेपरवाल्याले नाही कसं म्हणावं? शेठ म्हणे, येऊ द्या, राह्यतीन कोपऱ्यात."

"मला सांगायचं तरी."

"तुमी इचारलं काय, साहेब? औषधाचं इचारलं असतं तर सांगतलं असतं. लपवाचं काय त्याच्यात?"

लपवण्यासारखे खरेच काही नव्हते. चारपैकी शेवटचे दोन फोटो मी पाठवले तेव्हा पिल्ले जिवंत नव्हती. दुसऱ्या फोटोबद्दल खात्रीने सांगता येत नाही. जंतांचे औषध आले तेव्हा त्यांना मरून दोन महिने होऊन गेले होते.

परतीच्या बसमध्ये मी खोटे तयार केले. शेठना आता मांजर नको आहे, एवढेच सांगायचे. दोघी मजेत आहेत, पण तिसरीला जागा नाही. बुलढाणा येईपर्यंत ते चांगले घोटून झाले होते.

सिस्टरांच्या घरात सामान बांधून ठेवले होते. म्हातारी मांजर गाठोड्यावर झोपली होती. शेजारी एका पिशवीत तिची ताटली, तिचे गोधडीचे फडके आणि औषधे भरून ठेवली होती. सिस्टरांनी चहा ठेवला. मी ठरवलेले वाक्य बोललो.

"नाही म्हणते काय शेठ?" त्या म्हणाल्या. "बरं. मंग त्या दोघींलेच घेऊन या ना वापस. तिघींले मिळून कुठी पाहू."

याची तयारी मी केली नव्हती. मी सांगितले, दोघी मेल्या. कधी, तेही सांगितले.

सिस्टरांनी चष्मा लावून फोन उघडला आणि माझ्यासमोर धरला.

"हा?"

"पहिल्या दिवसाचा."

"अन् हा?"

"तोही."

"हा, नुसत्या तोंडाचा?"

"सगळे त्याच दिवसाचे आहेत, सिस्टर."

"अन् दवाई?"

"माझ्या खणात आहे."

त्यांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला बसणे सोपे गेले असते. त्यांनी उठून उतू जाणारा चहा उतरवला, दोन कपांत गाळला, एक माझ्यापुढे ठेवला.

"अजून कोणाकोणाकडं देल्या तुमी? लावा फोन. आत्ता. अन् आवाज मोठा ठेवा, मले आयकू येऊ द्या."

मी मेहकरच्या एका ठेकेदाराला फोन लावला. "मांजर ना साहेब? एकदम मजेत हाये!" तो म्हणाला. मागून बाईचा आवाज आला, "कोणती मांजर वं? ते तर गेली ना कवाचीच." फोन बंद झाला. देऊळगाव राजाच्या एका कारकुनाने पिल्लू साडूला दिले होते. साडूने पुढे काय केले ते त्याला माहीत नव्हते. "तुमी म्हणले म्हणून ठेवलं होतं साहेब आठ दिवस," तो म्हणाला. तिसऱ्याने फोन उचलला नाही. सिस्टर प्रत्येक फोननंतर फक्त म्हणत, "पुढचा."

चौथा नंबर नांदुऱ्याजवळच्या वडनेर भोलजीतल्या एका भाजीवालीचा होता. तिला पिल्लू आमच्या बातमीदाराने परस्पर दिले होते. मी तिला पाहिलेही नव्हते. मी मांजरीबद्दल विचारताच ती उसळली.

"काऊन, वापस पाह्यजे काय? नाही भेटत आता! वांग्याच्या वाफ्यात घाण करते, दूध सांडवते, पण देत नाही मी."

"नाही, फक्त कशी आहे ते..."

"कशी राह्यते? माह्या मांडीवर बसून राह्यली. मले मेथी निवडू देऊन नाही राह्यली."

सिस्टरांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"बाई, मी बुलढाण्याहून बोलते. ती मांजर माह्याच घरची. घरात उंदराचं औषध टाकता काय?"

"नाही वं बाई. लहान लेकरं हायेत."

"कुत्रं?"

"एक हाये. पण तेच हिले भेते."

"दिवसा घरी कोण राह्यते?"

"सासू. डोळ्यानं कमी दिसते, पण मांजर कुठं हाये ते बरोबर समजते तिले."

"अजून एक म्हातारी मांजर हाये. शिकार नाही करत. खाते अन् झोपते फक्त."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मंग माह्या सासूले जोडीदारीण भेटली म्हणा. आणा. पण आणाच्या आंधी फोन करा, मी बाजारात असते."

सगळे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत. इतक्या वर्षांत यातला एकही प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता. प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे.

सिस्टरांनी भाजीवालीचा नंबर कागदावर उतरवून घेतला. नांदुऱ्याकडे सकाळी बस किती वाजता आहे, हे त्यांनी मला नाही, शेजारणीला हाक मारून विचारले. मी म्हणालो, मी गाडी बघतो, घाटात मांजर घाबरेल, मी सोबत येतो.

फोन अजून चालूच होता. पलीकडून भाजीवालीने विचारले, "ते पेपरवाले भाऊ आणून देतीन काय?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "मीच येते."

मी समोरच बसलो होतो.