भंडारा लाल कुणी केला?

गेल्या काही वर्षांत मी जेवढे म्हणून मोठे सिनेमे थिएटरात जाऊन पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत एक गाव जळतं. सिनेमा कुठल्याही भाषेतला असो. सुरुवातीला गाव दिसतं, माणसं हसतात, एखादी म्हातारी नायकाला घास भरवते. घास भरवला की मी ओळखते, ही आता मरणार. मग घोड्यावरून नाहीतर जीपमधून कुणीतरी येतं आणि गाव पेटवतं. का पेटवतं? तर नायकाला राग यावा म्हणून. राग आला की नायक सावकाश चालायला लागतो, मागं धूर, आणि आवाज एवढा की खुर्ची हादरते. एका हातानं तो ढीगभर माणसं उडवतो. जळलेल्या गावाचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही. नायक परत तिकडं फिरकतसुद्धा नाही.

मला सिनेमाचाच राग आहे असं कुणी समजू नये. माणमधल्या आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगलीत विश्रामबागला शिकायला आले आणि मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा थिएटरात बसले, तेव्हा अंधारात घराएवढा चेहरा समोर आला आणि मी दचकून मागं सरकले होते. ती दचक मला आवडली. आता नोकरीही विश्रामबागलाच आहे. मोठा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात जाते, एकटी जाते, स्वतःच्या पगारातून जाते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "असले पिक्चर डोकं बाजूला ठेवून बघायचे असतात गं." हे डोकं मी फार कष्टानं कमावलंय. ते बाजूला ठेवून मी कुठलीही गोष्ट बघणार नाही.

तर आमच्या माळावर शूटिंगवाले आले, तिथपासून सांगते.

सातारा जिल्ह्यात शूटिंग म्हणजे वाईकडं, असंच आम्ही ऐकत आलो. तिकडं घाट आहे, नदी आहे, हिरवळ आहे. आमच्याकडं कोण कशाला येईल? पण यांना उघडाबोडका माळच पाहिजे होता. झाड नको, पाणी नको. आमच्या गावामागचा डोंगर बघून त्यांचा एक माणूस "वाह, वाह" करत होता, असं चुलतीनं मला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आमाला जन्म गेला हितं, आमी कवा वाह म्हणलो न्हाई. ह्यास्नी काय घावलं काय म्हाईत."

त्यांना घावलं ते असं की गावात गजी आहे. गजी म्हणजे आमच्या देवापुढचा ढोल आणि त्या ढोलावरचं गड्यांचं खेळणं. पांढरे कपडे, हातात रुमाल, मधे ढोल आणि झांजा, भोवती रिंगण. आमच्या गजीचा पहिला ढोल माझे चुलते धरतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. शूटिंगवाले त्यांच्याकडं आले आणि म्हणाले, राजा लढाई जिंकून येतो, प्रजा आनंदानं नाचते, तेवढा तुमचा नाच द्या.

"नाच न्हवं," आप्पा म्हणाले. "गजी हाय ती."

मी तेव्हा सुट्टीला गावी होते, म्हणून हे समोर पाहिलं. आप्पांनी अटी घातल्या. रिंगणात कुणाच्या पायात चप्पल नको. कॅमेऱ्यावाल्याच्यासुद्धा नको. ढोलाचं तोंड देवळाकडं राहील. आणि ढोलाला काठी लागायच्या आधी भंडारा उधळायचा, कारण देवाची हळद अंगावर पडल्याशिवाय आमच्यात कुणी ढोल वाजवत नाही. शूटिंगवाल्यांनी एका दमात सगळं कबूल केलं. बूट काढून हातात घेतले. आप्पा हरखून गेले. "लय गुणाची माणसं हायती," मला म्हणाले. "म्हटलं तसं वागत्यात."

भंडारा उधळला तेव्हा ऊन डोंगराच्या कडेला आलं होतं. सगळं आभाळ पिवळं झालं. मोठा कॅमेरा धरलेला माणूस आणि त्याची काच, दोन्ही हळदीनं माखले. आप्पांनी डोळे मिटले आणि ढोलावर काठी टाकली. मी लहानपणापासून गजी बघत आलेय, पण त्या दिवशी मलाही शहारा आला.

संपल्यावर दिग्दर्शक इंग्रजीत ओरडला, अजून एकदा, त्या बाजूनं. मी ते आप्पांना मराठीत सांगितलं. आप्पांनी मान हलवली. "देवाफुडं एकदाच आसतंय. त्यास्नी म्हणावं, देव काय बहिरा हाय व्हय?"

दुसऱ्यांदा गजी झाली नाही. तरी दिग्दर्शक खूश दिसला. जाताना आप्पांच्या पाया पडून गेला. ते पाया पडणं मी अजून विसरले नाही.

नंतर वर्षभर गावाला दुसरा विषय नव्हता. आप्पांनी नवा पटका घेतला. मेंढरं हाकताना कुणी भेटलं तरी म्हणायचे, "आमचा पिच्चर येणार हाय." चुलती टोमणे मारायची: "आवं हिरो, जरा बकऱ्यास्नी पाणी दावा." सिनेमा लागला तेव्हा मी सगळ्यांची तिकिटं काढली आणि गावची मंडळी वडापच्या जीपमधून विटा, तासगाव करत सांगलीला आली. तासगावला बेदाण्याची शेडं लागली तेव्हा आप्पांनी खिडकीतून हात हलवला म्हणे, मोठ्या माणसानं हलवावा तसा. थिएटरच्या दारात राखणदारानं चुलतीची पिशवी उघडली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाला. चुलती म्हणाली, "तुज्या आईनं केलं आसतं तर तू आत सोडलं आसतंस का न्हाई?" त्यानं पिशवी आत सोडली.

पहिल्या भागात गाव जळलं. ते आमचं नव्हतं, हिरवं होतं. नायक सावकाश चालला. मध्यंतर झालं. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाठ न टेकता, पटका सरळ.

मध्यंतरानंतर पडद्यावर काळाकुट्ट डोंगर आला.

"आरं, आपला डोंगूर!" मुंबईला काम करणारा माझा चुलतभाऊ ओरडला. तो खास सुट्टी काढून आला होता, तोही रिंगणात होता. सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझ्याही टाळ्या वाजल्या.

मग आभाळ लाल झालं. ढोल ऐकू आला, पण आमचा नव्हे. त्याच्याखाली घरघर होती, जनावरानं गुरगुरावं तशी. रिंगण दिसलं. पांढरे कपडे राखाडी झाले होते, फाटके केले होते. आमच्या माणसांचे डोळे पांढरे फटक केले होते, बुबुळंच नाहीत. रिंगणाच्या मधे खांब होता आणि खांबाला एक लेकरू बांधलं होतं. आमच्या माळावर असला खांब कधी नव्हता. आणि वरून भंडारा पडत होता. लाल. गुलाल म्हणावा असाही नाही. रक्ताचा पाऊस.

राजाची प्रजा, विजयाचा आनंद, यातलं काहीच नव्हतं. आम्ही राक्षस होतो. डोंगरामागं राहणारी, लेकरं कापणारी जमात. वाह, वाह कशाला केली होती ते आता कळलं. त्यांना राक्षसांचा मुलूख हवा होता.

आप्पांचा चेहरा पडदाभर आला. मिटलेले डोळे. देवाला हाक मारतानाचा तो चेहरा, तसाच्या तसा. मग त्यांनी डोळे उघडले, पांढरे. आणि नायकाचा बाण आला आणि आप्पांच्या छातीतून आरपार गेला.

थिएटर शिट्ट्यांनी भरलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मार, मार, सोडू नको!"

चुलतीनं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. दुसऱ्या हातानं आप्पांचं मनगट. ते जिवंत शेजारी बसलेत हे तिला हातानं चाचपून बघावं लागलं.

मी उठून उभी राहिले. "हे माझे चुलते आहेत!" मोठ्यानं म्हणाले. आणखी बरंच म्हणायचं होतं. मागून आवाज आला, "ओ ताई, खाली बसा, दिसंना."

दिसंना! माझ्यामुळं त्याला दिसत नव्हतं.

सिनेमा संपला. जीपमध्ये बसताना आप्पा म्हणाले, "भंडारा लाल कुणी केला गं?" मी सांगितलं, कॉम्प्युटरवर करतात आप्पा, रंग बदलता येतो. ते म्हणाले, "ते कळलं. पर कुणी केला?"

ऑफिसात सांगितलं तर मैत्रीण म्हणाली, "सगळं काल्पनिक आहे, सुरुवातीला लिहिलेलं असतं की." काल्पनिक माणसाला माझ्या चुलत्याचं नाक कसं? काल्पनिक जमातीच्या हातात आमच्या देवळातला ढोल कसा? कल्पनाच करायची होती तर सगळीच करायची. खांब तुम्ही कॉम्प्युटरवर उभा केलात, मग माणसंही उभी करायची. पण नाही. खरा भक्तिभाव त्यांना यंत्रावर करता येत नाही. तो आमच्याकडून न्यायचा आणि राक्षसाच्या तोंडावर चिकटवायचा. आणि हे सगळं देवाधर्माच्या नावानं चाललेल्या सिनेमात! नायक उठता बसता हात जोडतो. त्याचा देव तो देव, आणि आमची हळद म्हणजे रक्त.

सगळ्यात जास्त भांडण माझं चुलतभावाशी झालं. त्यानं तोच तुकडा फोनच्या स्टेटसला लावला होता.

"काढ ते," मी म्हणाले.

"का? दिसलो की आमी."

"राक्षस म्हणून दिसलास."

"दिसलो तर खरं. मुंबईत मी कुणाला दिसतोय? तू शिकलीस, तुला राग परवडतोय."

यावर मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं वाक्य अजून टोचतं. इतकं उपाशी ठेवायचं माणसाला, की राक्षस केलं तरी त्यानं आनंदानं टाळ्या वाजवाव्यात. याचाही राग मला त्या सिनेमावाल्यांचाच येतो.

जत्रा जवळ आली तशी गावात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या वस्तीवरची पोरं आप्पांना बघून छातीवर हात मारून बाण लागल्यासारखी पडायची. भावकीतला एक म्हातारा, ज्याला पहिला ढोल कधीच मिळाला नव्हता, पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पा, तुमी देवाचा भंडारा परक्याच्या हातात दिला." आप्पा पारावरून उठले. घरी येऊन म्हणाले, "औंदा ढोल दुसऱ्यानं धरावा. माज्या हातनं इटाळ झाला."

आमच्यात पहिल्या ढोलाचा मान घराण्याचा. तो घरातल्या थोरल्यानं टाकला तर गजी उभीच राहत नाही, त्या वर्षी देव मुका राहतो. आप्पांना हे सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते हलेनात.

जत्रेच्या दिवशी दुपारी सगळे देवळापुढं जमले. गडी पांढऱ्या कपड्यांत उभे. ढोल मधे ठेवलेला. आप्पा जुन्या पटक्यात, भिंतीला टेकून, पायांकडं बघत. कुणी पुढं होईना. तो टोमणे मारणारा म्हाताराही होईना. बोलणं सोपं असतं, देवापुढं काठी उचलणं सोपं नसतं. कुणा परक्यानं कुठं लांब गार खोलीत बसून एक बटण दाबलं, आणि इथं माझ्या गावाचा देव मुका व्हायची वेळ आली होती.

तेवढ्यात चुलती बायकांमधून उठली. परडीतला भंडारा ओंजळभर घेतला, आप्पांसमोर गेली आणि कपाळाला बोटभर लावायचा सोडून सगळाच्या सगळा त्यांच्या तोंडावर फेकला.

"आवं, डोळं उघडा. बघा हाताला. कंचा रंग हाय?"

आप्पा शिंकले. पटका, मिशा, पापण्या, सगळं माखलेलं. कुणीतरी फसकन हसलं.

"मी इचारत्ये, कंचा रंग हाय?"

आप्पांनी तोंडावरून हात फिरवला आणि तळहात डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

"पिवळा," ते म्हणाले.

"मंग? उठा."

ते उठले. चप्पल काढून ठेवली. ढोल गळ्यात घेतला. रिंगणाबाहेर फोन वर झाले तशी काठी थांबली. आप्पा काठी वर धरून उभे राहिले. पहिला फोन चुलतभावानं खाली घातला. मग बाकीचे एकेक करून खाली गेले. मग ढोल वाजला.

मी सिनेमा सोडलेला नाही. का सोडू? तिकीट माझं, डोळे माझे. पण आता मी नायकाकडं बघत नाही. मागं पडणाऱ्या माणसांकडं बघते. त्यांचे हात बघते, पाय बघते, कुणी खरंच अनवाणी आहे का बघते. परवा नवा मोठा सिनेमा लागला. बाहेर आल्यावर आप्पांचा फोन आला.

"कसा हाय गं पिच्चर?"

"गाव जळतंय, आप्पा."

त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली.

"कुणाचं गाव हाय ते इचारलंस का?"