लिमरिकच्या वाटेवरचा रोमन हौद

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. दहावीच्या आत शाळा सोडलेला माणूस मी, शब्दही साधेच येणार. पण अब्रू कशी घालवली हे सांगायला जड शब्द लागतात कुठे?

२०२१चा उन्हाळा. आयर्लंडात, क्लोनडॉकिनला ताईकडे राहायचो. लॉकडाऊनभर एकच उद्योग केला: रोमन लोकांच्या गरम पाण्याच्या स्नानगृहांचे, त्यांच्या अवशेषांचे व्हिडिओ बघणे. म्हटलं, मुलांकडे येऊन इथे अडकलेल्या मराठी आईबापांना सहली घडवाव्यात. गाडी मात्र दाजींची.

"तू गाईड?" दाजी फिस्कारले. "तुला आपला बसस्टॉप सापडत नाही! आधी आईला एक सहल नीट घडवून दाखव. मग चावी."

आई म्हणजे ताईच्या सासूबाई; मी त्यांना काकू म्हणतो. निघालो. लिमरिक शहराच्या वाटेवर माळावर पडक्या दगडी भिंती दिसल्या.

"दाजी, थांबवा!"

पायऱ्या, लांबट हौद, पाण्याला पन्हळ. थेट व्हिडिओतलं! एरवी चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी काय सुटलो म्हणता!

"इथे रोमन सरदार डुंबायचे!"

"पाणी तर गार आहे," दाजी म्हणाले.

"दोन हजार वर्षांत निवणार नाही का?"

"आणि वास?"

"गंधक!"

गंधक म्हटल्यावर काकूंनी चपला काढल्या. पर्समधलं हळदकुंकू हौदाला वाहिलं. पाणी गुडघ्यांना चोळलं, दाजींच्या टाळूवरही शिंपडलं. एवढे शिकलेले दाजी, मुकाट वाकले!

तेवढ्यात शेतकरी आला. मी ऐटीत रोमनांचं सांगितलं.

"रोमन? ते आयर्लंडात राहिलेच कधी, लॅड? मेंढ्या धुतो मी यात. काल एक आतच बसली होती. पाणी ग्रँड आहे पण!"

काकूंना त्याचं इंग्रजी कळेना. "काय म्हणतोय रे?"

दाजींनी ओल्या टाळूवरून हात फिरवला. "सांगा, गाईडसाहेब."

"जागृत स्थान आहे म्हणतोय."

घरी पोचलो. चावी गेली!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू तुरुतुरु चालत आल्या. "गुडघा हलका झाला बघ! ब्युमॉन्टला राहणाऱ्या मैत्रिणींनाही पाणी हवंय."

मी गुपचूप नळाची बाटली भरून दिली. काकूंनी हुंगली. "यात गंधक कुठंय?"

दाजींनी चावी माझ्या हातावर ठेवली. "जा. गिऱ्हाईक आलं तुझं."

गेलो की! फाटकात तोच शेतकरी. माझ्या रिकाम्या बाटल्यांकडे बघून म्हणाला, "रांगेत ये, रोमन. आधी मेंढ्या."