गुरुजींनी वाढवलेलं वर्ष

माझा वाढदिवस एक जूनला येतो. आमच्या निम्म्या गावाचा तेव्हाच येतो. शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाकडे एकदा वरून खाली बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या बाबतीत त्यांनी वर एक वर्षही मनाने वाढवलं होतं. जन्म लावणीनंतरचा, पण कागदावर मी वर्षाहून थोडी जास्तच मोठी. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ते वर्ष मला आडवं आलं ते थेट सौदीत.

तिथे मी एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग एड होते. आया म्हणायचं नाही म्हणून दिलेलं हे नाव. स्पंजिंग करायचं, बेडपॅन द्यायची, चादरी बदलायच्या, ताप बघून चार्टवर लिहायचा. इंजेक्शनला हात लावायचा नाही आणि औषधाच्या कपाटाची किल्ली मागायची नाही. आमचे हे अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर फिटर होते आणि तिथल्याच कॅम्पात राहत होते. दोघांचे कफील, म्हणजे जामीन राहणारे मालक, वेगळे आणि दोघंही कागदोपत्री एकटे. त्यामुळे दर शुक्रवारी हे कंपनीच्या बसने यायचे आणि आमच्या हॉस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत, वॉर्डनबाईंच्या नजरेसमोर, आम्ही नवरा-बायको चहा प्यायचो. लग्नाआधी आम्हाला कुणी असं बसू दिलं नव्हतं, ती हौस तिथे फिटली.

तेलाचा पैसा आला होता आणि जिकडेतिकडे बांधकाम चाललं होतं. हॉस्पिटलला दोन नव्या विंग झाल्या, पलंग आले, पण नर्सेस कमी पडू लागल्या. तेव्हा हॉस्पिटलने ठरवलं की आपल्याच एड्समधून आठजणींना शहरातल्या नर्सिंग कॉलेजात दोन वर्षांसाठी पाठवायचं. नोटीस लागली त्या दिवशी बोर्डासमोर चाळीसएक जणी उभ्या होत्या. फिलिपिनो होत्या, केरळच्या होत्या, इजिप्तच्या होत्या. मराठी मी एकटीच.

मला ती जागा हवीच होती. वॉर्डात ऑपरेशनची बाई कळवळत असायची आणि मला फक्त सिस्टरला हाक मारता यायची. सिस्टर दुसऱ्या टोकाला असली की मी त्या बाईचा हात धरून नुसती उभी राहायची. हे मला सोसत नव्हतं.

अर्जाला मॅट्रिकचा दाखला, इकामाची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, प्रत आणि मेट्रनची शिफारस लागायची. वय तिशीच्या आत. मी निवांत होते, कारण कागदावर मला जूनमध्ये एकोणतीस पूर्ण झाली होती. ऑफिसातला सुदानी कारकून सज्जन माणूस. तो सगळ्यांनाच सिस्टर म्हणायचा, झाडूवालीलासुद्धा. त्याने माझा इकामा बघितला, कागदावर बराच वेळ आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवलं. इकामावर जन्मतारीख हिजरी होती. चांद्रवर्ष आपल्या इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे त्या हिशेबाने मला तीस होऊन दीड-दोन महिने झाले होते. खलास, सिस्टर, असं तो अगदी हळू म्हणाला.

मी हॉस्टेलवर आले आणि पलंगावर बसून गुरुजींना मनातल्या मनात नको नको ते बोलले. आईच्या हिशेबाने मी अठ्ठावीस, गुरुजींच्या एकोणतीस आणि सौदीच्या तीस. ज्या वयाची मी कधी झालेच नव्हते, त्या वयाची म्हणून माझा अर्ज परत करत होते.

शुक्रवारी मी यांना सांगितलं की गावाहून दाखला मागवते. खरी जन्मतारीख अमुक, शाळेत चुकीची लागली, असा सही-शिक्क्याचा कागद. सरपंच नात्यातले होते, दिला असता. हे चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, ‘‘तारीख खोटी म्हणालीस तर ते मॅट्रिकचा दाखलाच खोटा म्हणतील. त्याच्यावर पासपोर्ट आहे, पासपोर्टवर इकामा आहे. जरा सबुरीने घे.’’

मला राग आला. सबुरी यांचीच, वर्ष मात्र माझं गेलेलं. यांच्या खोलीतला एक गाववाला महिनाभराच्या सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हाती मी आईला चिठ्ठी पाठवलीच. तिकडे मेट्रनबाईंनी माझा अर्ज ठेवून घेतला. त्या लेबनॉनच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. मुलाखतीच्या दिवशी काय ते बघू, एवढंच त्या म्हणाल्या. मी कधी ताप न बघता चार्टवर आकडा टाकला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. रोगी झोपलेला असला तर मी रकाना कोरा सोडायची आणि त्यासाठी दोनदा सिस्टरची बोलणी खाल्ली होती.

गाववाला मुलाखतीच्या आदल्या शुक्रवारी परतला आणि त्याने आणलेलं हे लगेच घेऊन आले. आमसुलांच्या पिशवीत वर दाखला होता आणि खाली आईचं पत्र. आईला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मुलीने ती बोलली तसं उतरवून घेतलं होतं.

‘‘तू गुरुजींवर रागावलीस असं वाटतंय. त्यांनी आपल्या मनानं काय केलं न्हाय. मीच पाया पडले त्यांच्या. शाळा खाडीपलीकडं. तुझा भाव चौथीत, त्येचं शेवटचं वरीस. फुडल्या साली तो मामाकडं जायाचा व्हता. मग तुला येकटीला तरीवर कोन घालनार? म्हून म्हनलं, औंदाच घ्या हिला. ती लहान हाय म्हनाले, मग तेनीच वरीस वाढवलं. त्या येका वर्सात तुला वाट पाठ झाली, तरवाला वळखीचा झाला. न्हायतर तू शाळा बगितलीच नसतीस. दाखला धाडलाय, तुला पायजे तर दे.’’

मी ते पत्र तीनदा वाचलं. भावाच्या मागून चिखलातून खाडीवरच्या तरीकडे जाणारी मी मला आठवली. पाटी छातीशी धरलेली आणि भाऊ मागे वळून सारखा चल चल म्हणणारा. इतके दिवस ज्या वर्षाला मी माझ्यातून गेलेलं धरत होते, त्याच्यामुळेच मला अर्ज लिहिता येत होता. मला गुरुजींची लाज वाटली आणि आईची फार आठवण आली. वॉर्डनबाई बघत होत्या तरी मी रडले. यांनी पत्र वाचून घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवलं.

मुलाखतीला मी दाखला नेला, पण बॅगेतून बाहेर काढला नाही. टेबलापलीकडे तिघं होते. मधले मोठे डॉक्टर सौदी, एका बाजूला कॉलेजच्या बाई आणि दुसऱ्या बाजूला मेट्रन. इंग्रजीची परीक्षा, चार्ट, निर्जंतुक करायची पद्धत, सगळं विचारून झालं. मग डॉक्टरांनी इकामाची प्रत पुढे ओढली. कारकुनाची आकडेमोड तिला टाचलेली होती.

‘‘ही जन्मतारीख बरोबर आहे?’’

बॅगेवर माझा हात होता. मेट्रन माझ्याकडे बघत होत्या.

‘‘हो सर. माझीच आहे.’’

ते म्हणाले की मग वय दीड-दोन महिन्यांनी जास्त होतंय. मी म्हटलं, तुमच्या वर्षांनी जास्त होतंय सर, आमच्या वर्षांनी मला पुढच्या जूनमध्ये तीस होतील. नोटीस इंग्रजीत वाचली, तिच्यात वर्ष कुठलं धरायचं ते लिहिलेलं नव्हतं. माझा आवाज जरा चढला होता, तो माझा जुनाच दोष आहे. तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, ‘‘जन्म त्या कॅलेंडरमध्ये झालाय डॉक्टर, तर वयही त्याच्यातच मोजायला हवं.’’

डॉक्टरांनी नोटीस मागवली, दोन्ही बाजूंनी वाचली आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं.

यादी नऊ दिवसांनी लागली. आठवं नाव माझं होतं. खात्री व्हावी म्हणून मी कारकुनाकडून वाचून घेतलं. त्याने मला परत सिस्टर म्हटलं आणि या वेळी मला ते पटलं. दाखला मी फाडून टाकला.

आईला कळवलं. तिचं उत्तर यायला महिना लागला, तोवर कॉलेज सुरू झालं होतं. तिथे आम्हा बायकांना एकटीने रस्त्याने जाता यायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पत्रात तिने अभिनंदनाचं काही लिहवलं नाही, तरी नेमकं एकच विचारलं होतं. कॉलेजात जायला संगती कोन हाय?

मी लिहिलं, आम्ही आठजणी आहोत. हॉस्पिटलची बस दारातून नेते आणि दारात आणून सोडते. ड्रायव्हर आता ओळखीचा झालाय.