सकाळचे हात

दैवशाला माझी भावजय. मी तिची नणंद, येडशीला दिलेली. नणंदेनं भावजयीची बाजू घेतली की लोकांना नवल वाटतं. वाटू दे.

अणदूरला आमच्या घरी दिवस उजाडायचा तो ज्वारीच्या भाकरीनं, आणि भाकरी थापायची तर तळहात पसरायला हवा. दोन वर्षांमागं दैवशालाचे हात सकाळी उघडेचनात. दोन्ही मनगटं सुजलेली, बोटं आखडलेली. दुपार झाली की तीच बोटं सैल व्हायची आणि ती रानात खुरपायला बसायची. इथंच तिचा घात झाला.

"खुरपायला हात चालतेत, अन् चुलीपुढंच कसं आखडतेत?" माझी आई, सिताबाई, चारचौघींत म्हणायची. "सोंगं हैत समदी!"

दैवशाला मग सगळ्यांच्या आधी उठून ऊन पाण्यात हात धरून बसायची. मनगटं फारच फुगली तेव्हा आईनं वात म्हणून बिब्ब्याचे चटके दिले. कातडी जळाली, सूज तिथंच. तोवर दोन-तीन बोटं तर दुपारीही वाकडीच राहायला लागली होती. मी माहेरी आले, ते चटके बघितले आणि माझं डोकंच फिरलं. दोघींना गाडीत घातलं आणि सोलापूरला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "सकाळी हात आखडतात आणि दुपारी बरं वाटतं, असं होतं का?"

दैवशाला ढसाढसा रडायला लागली. आईनं मान खाली घातली.

रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. "हा आमवात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगाशी लढणारी शरीराची ताकद चुकून आपल्याच सांध्यांवर उठते. रात्रभर हात हलत नाहीत, म्हणून सकाळी आखडतात. कामानं हळूहळू मोकळे होतात. अंगातली कणकण, थकवा, तोही यातलाच."

"बोटं सरळ व्हतील न्हवं?" आईनं विचारलं.

"वाकलीत ती आता सरळ होणार नाहीत. औषध नेमानं घेतलं तर बाकीची वाचवता येतील. लवकर आला असता तर हीसुद्धा बहुतेक वाचली असती."

आई सत्तरीची. तिची बोटं अजून सरळ आहेत. तिनं ती पदराखाली घेतली. मला तिचा राग आला होता, तरी त्या क्षणी तिची कीव आली.

बाहेर बाकावर बसल्यावर ती सुनेला म्हणाली, "अगं, इतकं दुखत हुतं तर सांगायचं न्हाय व्हय?"

दैवशालाचा आवाज चढला नाही.

"सांगितलं की, आत्याबाई. तुमी हसलाव."