माशांचा उपास

आई गेल्यावर वडिलांना मी चेन्नईला आणलं, म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. मी त्यांची एकुलती एक. साताऱ्याच्या रिकाम्या घरात ते रात्री चहा-बिस्किटांवर भागवतात हे शेजारणीकडून कळल्यावर मी दुसरं काय करणार होते? पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे पाहुणा म्हणून राहायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते खुर्चीच्या कडेवर टेकत. पंखा लावायचा तरी विचारत. माझा नवरा बँकेतून आला की हे आपले उठून उभे. पंधरा दिवस उलटले की ठरलेलं, "तिकीट बघ गं आता. जावयाच्या घरी राहायचं तरी किती?"

जावयाची काही तक्रार नव्हती. उलट तोच म्हणाला, "बाबांना काहीतरी त्यांचं स्वतःचं असं काम दे." तमिळ येत नाही, भाजी आणायला गेले तर खुणा करून करून दमतात, मग काम देणार कोणतं? शेवटी नवऱ्यानं एक काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले.

बाबा इतके रमले की मला आईची आठवण येऊन भरून आलं. टाकी त्यांनी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. सकाळचं ऊन सगळ्या जिवांना चांगलं, असं त्यांचं मत. दिवेलागणीला घरात अंधार नको म्हणून टाकीतला दिवाही लावायचे, तो झोपेपर्यंत. आणि खाऊ घालणं तर विचारूच नका. आमच्याकडे आग्रह केल्याशिवाय पाहुणा जेवला असं कुणी धरत नाही. स्वतःला पोळी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरणारे हे गृहस्थ टाकीवर वाकून म्हणायचे, "घ्या हो, लाजताय काय? एवढंसं तर आहे." मासे कसले लाजतात! पण त्यांनाही पोट असतंच की. उरलेलं सगळं तळाला जाऊन बसायचं.

आधी काचेवर हिरवं शेवाळ दिसायला लागलं. मग पाणीच हिरवं झालं, वाटलेली कोथिंबीर ढवळावी तसं. त्या वर्षी शहरात पाण्याची मारामार होती. लॉरी आली की खाली प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. बाबांनी त्या रांगेत उभं राहून आणलेलं पाणी जिन्यावरून वर वाहिलं, टाकी रिकामी करून घासली, पुन्हा भरली. थोड्याच दिवसांत पाणी परत हिरवं. मासे कुठे आहेत हेसुद्धा दिसेना.

त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबांनी माळ्यावरची बॅग खाली काढली होती. "एक काम दिलंत, तेही धड जमलं नाही," ते म्हणाले. "या वेळी तिकीट काढच." आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, म्हणून मी घाबरले. या वेळी ते गेले तर परत यायचे नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी तशीच खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामींकडे गेले. त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं, आणि त्यांच्या हॉलमध्ये टाकी होती. त्या वर आल्या, आमच्या टाकीकडे पाहिलं आणि हसल्याच. "पासी हो ही," म्हणाल्या. शेवाळाला त्या तमिळमधला शब्दच वापरत. "मासोळ्यांस अन्न फार घालतां तुम्ही. उजेडही फार. दोन-तीन दिवस पुरता काळोख करा, अन्न घालूं नका. पासी मरते, मासोळ्या मरत नाहींत."

बाबांना हे ऐकवेना. घरातले जीव अंधारात आणि उपाशी? पण मामींच्या शब्दाला त्यांनी मान दिला. टाकी खिडकीतून हलवली, काच घासली, तळाचा गाळ नळीनं ओढून काढला, थोडं पाणी बदललं. मग चेन्नईत कधीच न लागलेली सोलापुरी चादर त्यांनी टाकीवर चारी बाजूंनी पांघरली. आत हवेचा पंप तेवढा बुडबुडत राहिला. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "ते उपाशी आणि मी जेवू?"

"मग तुम्हीही उपास करा," मी वैतागून म्हणाले आणि साबुदाण्याची खिचडी केली. ती मात्र त्यांनी निमूटपणे खाल्ली. माशांना साबुदाणा चालत नाही का, असं नवऱ्यानं विचारल्यावर मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला.

तिसऱ्या दिवशी बाबांनी चादर काढली. पाणी जरा दुधाळ होतं, पण आरपार दिसत होतं. चारही मासे जिवंत होते आणि भुकेनं काचेला तोंड लावून उभे होते. बाबांनी चिमूटभर खाणं टाकलं आणि मन घट्ट करून डबा बंद केला.

पुढच्याच आठवड्यात नवरा संध्याकाळी बँकेतून आला तो कौतुकानं सरळ टाकीपाशी गेला. दिवा लावला आणि डबा उघडून खाणं टाकायला लागला.

"अहो, ठेवा तो डबा खाली!" बाबा खुर्चीतून गरजले. "सकाळी जेवलेत ते! आणि दिवा कुणाला विचारून लावलात? परत हिरवं करायचंय का सगळं?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. लग्न झाल्यापासून बाबांनी जावयाला साधं "असं नको" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नवरा "चुकलं, बाबा" म्हणून स्वयंपाकघरात आला. मार्कशीट मिळालेल्या पोरासारखा त्याचा चेहरा फुलला होता. "ओरडले माझ्यावर," तो कुजबुजला. मला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं, इतका आनंद मला चेन्नईत आल्यापासून झाला नव्हता.

बाहेर बाबांचं अजून संपलं नव्हतं. राहिलेलं ओरडायला ते जावयाला परत बोलावत होते.