फक्कीच्या आतल्या गोगलगायी

रुद्राणी कोरेला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी लागली तेव्हा तिचे वडील शिवशरणअप्पा किराणा दुकानातल्या गादीवरून एवढंच म्हणाले, "गळ्यात इष्टलिंग हाय आपल्या. जीव मारून पगार खाऊ नको."

ते बोलणं तिच्या कामात उतरलं. तिचा विषय होता आटत्या तळ्यातल्या गोगलगायी. पाणी सरलं की त्या चिखलात शिरतात, कवचाचं झाकण लावतात आणि पाऊस येईपर्यंत झोपतात. एरवी अंगातला अमोनिया पाण्यात सोडून मोकळं होता येतं. झोपेत सोडणार कुठे? मग शरीर त्याचं सौम्य युरिक आम्ल करून साठवतं. हे पाहायला बाकीचे संशोधक गोगलगाय फोडत. रुद्राणी कवचाला बारीक भोक पाडून निळसर रक्ताचा थेंब घ्यायची, भोक मेणाने बुजवायची, कवचावर नेलपॉलिशने आकडा टाकायची आणि तिला परत चिखलात ठेवायची. त्यामुळे तीच गोगलगाय लागोपाठ तीन उन्हाळे कशी काढते, हे तिला बघता येणार होतं.

आष्टीजवळच्या पाझर तलावात दोन उन्हाळे झाले. तिसऱ्यात गावाने गाळ उपसायचं ठरवलं. गोगलगायींचा कोपरा तेवढा सोडा, असं सांगायला ती सरपंच बजरंगरावांना भेटली. कोपरा सोडतो की, ते म्हणाले, फक्त निशाणी करून ठेवा. तिने चुन्याच्या फक्कीने ठळक चौकोन आखला आणि पेपर तपासायला बीडला गेली.

परत आली तर चौकोनाच्या जागी खड्डा. कडा अगदी सरळ. जेसीबीवाला अंगद कौतुकाच्या अपेक्षेने खाली उतरला.

"म्याडम, रेघंच्या भाईर एक बोट न्हाई गेलो."

"अरे, तेवढंच सोडायचं होतं!"

"मंग फक्की कावून मारली? हीर आसू, पाया आसू, फक्की मारली म्हंजी तिथं खांदायचं."

ती गाळाच्या मागावर निघाली. तो खत म्हणून गावातल्या आश्रुबा शेतकऱ्याच्या रानात गेला होता. तिथे तो पसरून उन्हात पडलेला, आणि बगळे आधीच पोचलेले. आश्रुबाची बायको छबुबाई तिच्यासोबत ढेकळं फोडायला बसली.

"नखं रंगवल्याली गोगलगाय पयल्यांदाच बघतेय, बाई."

निम्म्याहून कमी सापडल्या. रुद्राणीने बांधावरच थेंब घेतले आणि गोगलगायी तळ्यात नेऊन पुरल्या.

प्रयोगशाळेत आकडे सुरेख आले, हवे होते तसेच. विभागप्रमुख केदारनाथ सरांनी कागद दोनदा पाहिला.

"छापून टाक. खणल्या होत्या हे कुणाला कळणार?"

"गोगलगायीला कळलंय, सर. हा आकडा झोपेचा की उन्हात पडल्याचा, मला वेगळं काढता येत नाही."

ते म्हणाले, तीन वर्षं वाया जातील. तिलाही ते ठाऊक होतं. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिसऱ्या उन्हाळ्यावर काट मारली.

पावसानंतर तिने नव्या गोगलगायी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात ती जागा आखायला आली तेव्हा आश्रुबा बाभळीच्या फांद्या ओढत तिच्याआधी हजर.

"चुना नगं, ताई. काट्या लावू. काट्या म्हंजी जाऊ नगं, हे शेळीला बी कळतं."

दोघांनी मिळून कुंपण घातलं. यंदा तिथला दुसरा उन्हाळा चालू आहे.